गाडी तापवायची नोकरी

माझी शेवटची नोकरी गाडी तापवायची होती. जगातले सगळे ड्रायव्हर गाडी थंड राहावी म्हणून जपतात. मला मात्र भर मे महिन्यात, दुपारी एक ते चार, गाडीत वाळूची पोती भरून, काचा वर करून, एसी बंद ठेवून, ती जितकी तापेल तितकी तापवायची असे. गावात कोणी विचारलं, "आबा, सध्या काय करी ऱ्हायनात?" तर मी सांगायचो, "गाडी तापाडी ऱ्हायनू." लोक समजायचे, म्हाताऱ्याच्या डोक्याला ऊन लागलं.

गाडी साधी नव्हती. लष्करासाठी बनत होती. आठ जवान, त्यांचं सामान, दगडधोंड्याचा रस्ता, नदीनाला, सगळं झेपलं पाहिजे अशी. लष्कराकडे पाठवायच्या आधी कंपनी स्वतः तिची परीक्षा घेते. परीक्षेला ऊन लागतं आणि चढ लागतो. आमच्याकडे दोन्ही फुकट. कंपनीचं नाव लिहिणार नाही, तसं कबूल केलंय. पुण्याकडची होती एवढं पुरे.

मी भटू. शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत मास्तरांनी माझा कान धरला, मी त्यांचा हात धरला, आणि माझं शिक्षण तिथं संपलं. त्यानंतर चाळीस वर्षं अक्कलकुव्याहून काठीकडे चढणाऱ्या घाटात जीप चालवली. नऊ माणसांची गाडी, बसायची वीस, वर कोंबड्या वेगळ्या. काठीच्या होळीला तर ढोल, मोरपिसांचे टोप आणि ते टोप घालून नाचणारे बावे, सगळे टपावर. आणि चाळीस वर्षांत माझी गाडी घाटात एकदाही उकळली नाही. हे वाक्य कोणी खोडून दाखवावं.

त्याचं कारण जास्त करून माझ्या पायात होतं आणि थोडं बॉनेटमध्ये. जीपचं बॉनेट मागच्या बाजूला, काचेच्या खाली, दोन कब्जांवर, म्हणजे बिजागऱ्यांवर, बसवलेलं असतं. त्या कब्जांखाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे घालायचे. बॉनेट मागून बोटभर उचललं जातं आणि आतली गरम हवा त्या फटीतून निघून जाते. घाटातले सगळे ड्रायव्हर हे करतात. कुणी शिकवत नाही. गरम भाकरीवर फुंकर मारायला कुणी शिकवतं का?

कंपनीची माणसं पहिल्यांदा मार्चमध्ये जागा बघायला आली होती. नंदुरबारला वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या अजून पसरलेल्या. मोकळी जागा दिसली म्हणून त्यांनी नेमकी पथारीच्या कडेला गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि पंख्याची हवा मोजायला सुरुवात केली. पंख्याने मिरचीची भुकटी ओढली आणि चौघांच्या तोंडावर मारली. दहा मिनिटं कोणाला आकडा वाचता आला नाही, नाव विचारलं तरी शिंक यायची. घाट परवडला, म्हणून मे महिन्यात परीक्षेला ते अक्कलकुव्याला आले.

त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर चांगला होता, पण सपाटीवरचा. पहिल्याच दिवशी वळणावर समोर एसटी आली. त्याने गाडी मागे घेतली ती नाल्याच्या काठापर्यंत, आणि उतरून म्हणाला, मी परत पुण्याला जातो. घाटाच्या मधोमध सिंगाची चहाची टपरी आहे. सिंगा त्यांना म्हणाला, "भटूआबाला बोलवा. म्हातारा भांडखोर आहे, पण गाडी मागे जाऊ देत नाही." अशी मला नोकरी लागली.

त्यांच्यात मुख्य होती केतकी. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. मॅडम म्हणायचं नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी म्हटलं, "मग पोरी म्हणू?"

"म्हणा. फक्त साहेबांचा फोन चालू असताना नको."

आणि दुसरे सुभेदार. लष्करातून रिटायर झालेले, साताऱ्याकडचे, मिशा पिळलेल्या. लष्कराला गाडी कशी लागते ते कंपनीला सांगायला ठेवलेले. मागे वाळूच्या पोत्यांमध्ये बसायचे आणि एक वही घेऊन मी कुठे गियर बदलला ते लिहायचे. पोती म्हणजे आठ जवानांचं वजन. इतके शहाणे पॅसेंजर मी आयुष्यात वाहिले नाहीत. भांडण नाही, ओकारी नाही, खिडकीचा हट्ट नाही. सिंगा रोज विचारायचा, "आबा, एक पोतं उतरवा, मी बसतो. वजन सारखंच आहे, माप घ्या."

आता ही परीक्षा कशी असते ते सांगतो. रेडिएटरमध्ये पाणी जातं तिथे, येतं तिथे, इंजिनच्या ऑइलमध्ये, गियरबॉक्समध्ये बारीक वायरी सोडलेल्या असतात. त्यांचा जुडगा बॉनेटच्या मागच्या कडेने आत येऊन केतकीच्या मांडीवरच्या लॅपटॉपला जोडलेला. गाडी पूर्ण भरायची आणि सगळ्यात वाईट चढ हळूहळू चढायचा, कारण हळू चढताना समोरून वारा लागत नाही, एकटा पंखा काय करेल ते करेल. पाण्याची गरमी वाढत वाढत एका जागी थांबते. ती लिहायची, बाहेरच्या हवेची लिहायची, आणि दोन्हींतला फरक काढायचा. हवा चव्वेचाळीस आणि पाणी शंभर, तर फरक छप्पन. झाकण दाबून बंद असल्यामुळे हे पाणी शंभरला उकळत नाही, एकशेदहाच्या पुढे उकळतं. आमच्या गाडीला साठपर्यंत माफी होती. साठच्या वर गेलं तर समजायचं, वाळवंटात हवा पन्नासच्या वर गेली की ही उकळणार.

यात ड्रायव्हरचं काम एकच. पाय हलवायचा नाही. पाय हलला की आकडा हलला, की पुन्हा खाली जाऊन पहिल्यापासून. केतकी एकदा म्हणाली, "आबा, तुमचा पाय मशीनमध्ये बसवायला हवा." मी म्हटलं, मशीन माझ्या पायात बसवा.

सोमवारी आम्ही पहिल्यांदा घाट चढलो. वर पोचायच्या आधीच केतकीचा चेहरा उतरला. फरक चौसष्ट.

तिने पुण्याच्या साहेबांना फोन लावला. गाडीतच होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. हा रेडिएटर तिने निवडलेला होता. जुना मोठा रेडिएटर पुढे खूप खाली यायचा, दगडाला लागायचा. तिने लहान, वर बसणारा घेतला आणि छातीला हात लावून सांगितलं होतं की पुरेल. साहेब म्हणाले, आठवड्याच्या आत पुरतो असं दिसलं नाही तर जुनाच बसवू, आणि तुझ्या प्रयोगांचं मग पुढे बघू. तिने फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. काचा बंद, आत भट्टी, तिच्या गालावरून घाम ओघळत होता. घामच होता असं मी धरून चाललो.

मंगळवारी दुपारी सिंगाकडे चहाला थांबलो. केतकी आणि सुभेदार टपरीत बसले. मी म्हटलं, टायरची हवा बघून येतो. माझ्या पिशवीत पाना असतोच आणि टायरच्या रबराचे तुकडेही असतात. कब्जाचे बोल्ट सैल केले, रबर सरकवलं, बोल्ट आवळले. बॉनेट बोटभर वर. वायरींमुळे तिथे थोडी फट आधीच होती, त्यामुळे कोणाला काही दिसणार नव्हतं. चहा गार व्हायच्या आत मी परत बाकावर.

खालून पुन्हा चढलो. चौसष्टचे सत्तावन्न झाले!

केतकी आधी लॅपटॉपवर ओरडली, मग माझ्यावर ओरडली, मग सुभेदारांचा हात धरून हलवला. "काल वायर सैल असेल. नाहीतर काल वाराच पाठीमागून होता." पोरगी स्वतःच कारणं शोधत होती आणि मी ती शोधू देत होतो. मनात म्हटलं, भटू, चाळीस वर्षांची विद्या कामी आली. कंपनीत एवढे शिकलेले आणि बोटभर फट कुणाला सुचली नाही.

परत येताना सिंगाने भजी तळली. सुभेदार खुशीत होते. म्हणाले, "आबा, तुम्हांला सांगतो, आमची गाडी एकदा चढावर उकळली. पुढं रस्ता उघडा. समोरच्या डोंगरावरनं दुश्मनाला सगळं दिसतंय. आत बसलेल्या पोरांना मी म्हणालो, उतरा, ढकला. उतरायची ती जागा नव्हती. पण उतरली पोरं." मग त्यांनी मिशी पिळली. "सगळी परत आली, देवाची कृपा. पण तवापासनं मी कुठल्याबी गाडीचा काटा आधी बघतो. आता ही गाडी बघितली, बरं वाटलं."

हातातलं भजं मी परत ताटलीत ठेवलं. तिखट लागलं समजून सिंगाने पाणी दिलं.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. चाळीस वर्षं ज्याची गाडी उकळली नाही तो माणूस पोरीसमोर चोर कसा होणार? मी स्वतःची समजूत घातली की फटीने गाडी थंड राहिली ना, मग फट राहू द्या. त्यात खोटं काय?

बुधवारी हायवेवर परीक्षा होती. सपाट रस्ता, मोठा वेग, तेच वजन. ही परीक्षा सोपी, कारण वेगाने समोरून वारा भरपूर लागतो. केतकीने तर आरामात पाय पसरले. पंधरा मिनिटांनी तिने पाय जवळ घेतले. आकडा एकसष्टवर गेला होता. मग चौसष्ट. मग सहासष्ट.

"आबा, बाजूला घ्या."

चढावर थंड आणि सपाटीवर गरम. असं कुठल्याच गाडीचं होत नाही. घोडा डोंगर चढताना दमला नाही आणि सपाटीवर पडला, असं झालं हे. तिने वायरी तपासल्या, पाण्याचा पंप तपासला, रेडिएटरच्या जाळीत कापूस अडकलाय का ते हाताने चाचपलं. बोटं भाजली. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, म्हणजे रेडिएटरचंच काहीतरी आहे, पुरे झालं. गुरुवारी ट्रेलर पाठवतो, गाडी परत आणा, जुना रेडिएटर बसवू. लहान रेडिएटर पुरत नाही असं तू कागदावर लिहून दे.

सपाटीवर का तापली ते मला कळलं नव्हतं. पण तिच्या गाडीत न सांगता बदललेली एकच गोष्ट होती आणि ती माझ्या पिशवीतून गेलेली होती, एवढं कळायला तिसरीसुद्धा लागत नाही.

संध्याकाळी घरी ताट पुढे आलं, मी नुसता बसून. बायको म्हणाली, "तुम्हले काय व्हयनं? भाकर गार व्हयी ऱ्हायनी."

मी सांगितलं. ती चुलीपाशीच होती. वळून बघितलंसुद्धा नाही.

"ती पोर तुम्हना भरोसावर घाट चढस, नि तुम्हीन तिलेच फसाडं?"

"फसाडं नही. मदत करी."

"मदत सांगीसन करतस. चोरीसन करतस ती चोरी." मग वळली. "सकाय उठीसन सांगी टाका. नही ते मी जाईसन सांगसू. नि मी सांगं तर पुरा अक्कलकुव्वाले ऐकू जाई."

हे शेवटचं खरं होतं.

सकाळी केतकी विश्रामगृहाच्या ओट्यावर कागद लिहीत बसली होती. सुभेदार दाढी करत होते. मी पाना घेऊन सरळ गाडीपाशी गेलो, दोन्ही कब्जे सोडवले आणि रबराचे तुकडे तिच्या कागदावर ठेवले.

"पोरी, हे मंगळवारी मी घातलं होतं. चहाच्या वेळेला."

तिने तुकडे उचलले. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. तिने पट्टी काढून तुकड्याची जाडी मोजली. मग म्हणाली, "गाडीत काही बदल केला तर तो परीक्षेच्या शीटवर लिहायचा असतो. ज्याने केला त्याने, स्वतःच्या हाताने."

मी सही करतो तेवढंच लिहिणं मला सवयीचं. पोस्टाचा अर्जसुद्धा दुसऱ्याकडून भरून घेतो. पण हा कागद दुसऱ्याकडून भरून घ्यायचा नव्हता. मी लिहिलं: 'मी भटू. मंगळवारी चहाचे टायमाला बानेटचे कब्जाखाली रबर घातले. कोणाला सांगितले नाही. मंगळवारचा आकडा खोटा आहे.' खोटा हा शब्द लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तसा तो दोनच अक्षरांचा.

सुभेदारांच्या अर्ध्या गालाला साबण तसाच होता. वाकून त्यांनी वाचलं. "आबा, मार खायचं काम केलंत."

"खातो."

"आता खाऊन काय उपेग? ट्रेलर यायच्या आत हायवे मारून यायचाय. बसा."

हायवेवर फरक बावन्न. गाडी हसत होती. तसेच घाटाला लागलो. वर पोचताना फरक पुन्हा चौसष्ट. सोमवारचा आकडा खरा होता आणि गाडी घाटात नापासच होती. मला वाटलं पोरगी आता रडेल. ती लॅपटॉप बंद करून म्हणाली, "आबा, तुमचं निम्मं बरोबर होतं."

"निम्मं?"

"रेडिएटर पुरतोय. आतली गरम हवा बाहेर पडत नाही, म्हणून घाटात तापते. तुम्ही तिला वाट दिलीत, पण चुकीच्या जागी. काचेखाली दिलीत. वेगात समोरचा वारा काचेवर आपटून तिथेच साचतो आणि फटीतून उलटा आत घुसतो. बाजाराच्या दिवशी अक्कलकुव्यात जीप थांबली आणि उतरणारे-चढणारे एकाच दारात भिडले, तर काय होतं?"

"कोणीच उतरत नाही."

"तेच झालं."

चाळीस वर्षांत हे मला कधी कळलं नाही, कारण आमची जीप एवढ्या वेगाने कधी पळालीच नाही. त्यामुळे माझ्या घाटाचं वाक्य अजून खोडलं गेलेलं नाही. हे मी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, शीटवर लिहा. मी लिहिलं नाही.

ट्रेलर आला, गाडी चढवली. तिने साहेबांना फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही. ट्रेलरच्या पुढे बसून तासभर बोलत होती आणि हात असे हलवत होती जणू कोणाला घाटाचं वळण समजावतेय. मी लिहिलेला कागद तिने फाइलीत लावला. मला वाटलं, संपली नोकरी.

पुढच्या मे महिन्यात गाडी परत आली. रेडिएटर तोच, लहान. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या तिरप्या चिरा. तिने मला हात फिरवून बघायला लावला. गाडीच्या बाजूने वारा पळतो तो आतली हवा ओढून बाहेर काढतो, आणि घाटात हळू चढतानाही गरम हवेला बाहेर पडायला वाट राहते. बॉनेट मागून घट्ट बंद. कब्जांवर लाल रंगाची रेघ, कोणी पाना लावला तर कळावं म्हणून. माझ्याकडे बघून ती हसली. मला राग आला आणि बरंही वाटलं.

"पिशवी दाखवा," सुभेदार म्हणाले.

दाखवली. पाना काढून त्यांनी स्वतःच्या खिशात घातला.

वाळूची पोती भरली. हवा चव्वेचाळीस. काचा वर. सिंगाची टपरी गेली, तो हात करत होता, मी मान वळवली नाही. पाय हलवायचा नव्हता. केतकी आकडे मोठ्याने वाचत होती. त्रेपन्न. पंचावन्न. सत्तावन्न. शेवटच्या मोठ्या वळणाच्या आधी सुभेदार मागून म्हणाले, "इथं थांबवा."

शीटवर असं काही नव्हतं. तो घाटातला सगळ्यात उभा तुकडा. तापलेल्या, भरलेल्या गाडीला तिथे थांबवून पुन्हा उचलायचं म्हणजे तिच्या जिवावरची गोष्ट. केतकी म्हणाली, "सुभेदार साहेब, आकडा बिघडेल."

"बिघडू दे पोरी. आमची गाडी अशाच जागी थांबली होती."

तिने माझ्याकडे बघितलं. मी हँडब्रेक ओढला. गाडी उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. मागे पोती, खाली दरी, पंखा जोरात फिरत होता. आकडा अठ्ठावन्न. एकोणसाठ.  मग सुभेदार म्हणाले, "चला." क्लच सोडत हँडब्रेक सोडला. वीतभरही मागे न जाता गाडी उचलली आणि वळण चढून वर आली. एकोणसाठ. अठ्ठावन्न. आणि आकडा तिथेच, साठच्या आत, थांबला.

वर काठीच्या रस्त्याला सपाटी लागते. तिथे एका सागाखाली मी गाडी उभी केली, पण बंद केली नाही. इतकी तापलेली गाडी एकदम बंद करायची नसते. पाणी फिरायचं थांबलं की आतली सगळी गरमी एका जागी बसते. तिला थोडा वेळ नुसतं चालू ठेवून शांत होऊ द्यायचं असतं.

सुभेदारांनी वही मिटली. "ही गाडी चालंल पोरांना," म्हणाले. एवढंच. केतकीने काचा खाली केल्या. आम्ही तिघं आणि वाळूची पोती तसेच बसून राहिलो, काटा सावकाश खाली येईपर्यंत. कोणालाही उतरून ढकलायचं नव्हतं.